दोर सोडला

३ जून १९०५, लातूर

हुलिया माझ्याच हाताने उतरवला, शाई वाळायच्या आत मान वर केली — आणि तो माणूस समोर खिडकीतून दिसत होता!

कागद बार्शीकडचा. इंग्रजी. त्याचं उर्दू करून तहसीलदारसाहेबांपुढे ठेवायचं, एवढंच माझं काम. मुतर्जिमाने, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने, मजकुराशी मतलब ठेवावा, माणसाशी नाही — नांदेडच्या कचेरीत पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं होतं.

'नरसिंग वल्द निवृत्ती. वय सुमारे पस्तीस. उंच, काळा. डाव्या हाताची करंगळी निम्मी तुटलेली. धंदा विहिरी खोदणे.' चैत्रात बार्शी तालुक्यातल्या एका गावी दहा-बारा जणांनी सावकाराचं पेव फोडून जमिनीत पुरलेली ज्वारी नेली. रखवालदार व्यंकटी याला पेवात टाकून मारलं. बाकीचे सापडले. हा एक इंग्रजी हद्दीतून निजामी मुलखात पळाला. सबब धरून आमच्या हवाली करावा.

नळदुर्गाचा जिल्हा मोडून धाराशिवचा नवा केला, त्या धांदलीत औशाची तहसील उचलून लातूरला आणली. कचेरी नवी, कपाटं नवी, आवारातली विहीर मात्र जुनी आणि कोरडी. गेल्या साली पाऊस नाही, यंदाही आभाळ पांढरं. म्हणून विहीर खोल करण्याचं काम चैत्रापासून चालू आहे. त्या कामावरचा तो उंच माणूस. रहाटाच्या दांड्यावर डावा हात — निम्मी करंगळी. दीड महिना रोज पाहतो. परवाच तांब्यात गढूळ पाणी घेऊन माझ्या खिडकीशी आला होता. "अप्पा, वास घ्या. जित्या झऱ्याचं हाय." हसत होता.

कागद आत नेला. साहेबांनी वाचला. "अब ये कहाँ मिलेगा?" म्हणाले. सहज म्हणाले. उत्तराची वाट पाहत नव्हते.

मी खिडकीकडे बोट केलं.

४ जून

धरला. विहिरीच्या तळातून वर बोलावून धरला! वर येताच दोघा शिपायांनी हात बांधले. अंगभर ओली माती. पळाला नाही, ओरडला नाही. फक्त विचारलं, "ह्यो हुकूम कोन्या सरकारचा?"

"इंग्रज सरकारचा."

"पन म्या तर निजामाच्या जमिनीत हाय नव्हं?"

शिपाई हसले. मीही हसलो बहुतेक. आता आठवून बरं वाटत नाही.

त्याच्याबरोबर एक बाई होती, मातीच्या पाट्या उचलणारी. सरजाबाई — त्याची बायको. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली नाही. पाटी तशीच धरून बघत राहिली.

७ जून

आज जबानी झाली. साहेबांना मुन्सिफीचे अधिकार आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर. साहेब मुळात सरळ माणूस. मला आधी बाजूला घेऊन म्हणाले, "मुतर्जिमसाब, नुसतं धान्य उचललं असेल तर मी कागद वापस करून टाकतो. दुष्काळात असे शेकड्यानं इकडे येतात. किस किस को पकडें? पण खून असेल तर द्यावा लागेल. आधी कसूर दिसला पाहिजे, मगच हवाली. तेव्हा नीट लिहा."

नीट लिहिलं. जबानी मराठीत, साहेबांसाठी उर्दू, सोलापूरसाठी इंग्रजी. तिन्ही माझ्याच हातची.

नरसिंग थोडंच बोलला. पेव फोडलं हे कबूल. "लेकरं-बाळं उपाशी व्हती गावची. जवारी घ्यायचीच व्हती." व्यंकटीचं विचारलं, तर खाली बघून राहिला. मग म्हणाला — "त्यो पेवात व्हता. म्या दोर सोडला. मेला."

मी विचारलं, "सोडला म्हणजे?"

"सोडला म्हंजी सोडला. आनिक काय?"

लिहिलं. उर्दूत — मैंने रस्सी छोड़ दी. इंग्रजीतही तेच, हातातून सोडून दिला असं. साहेबांनी वाचलं आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. "तो फिर हो गया," म्हणाले.

अंगठा घेतला. त्याच्या अंगठ्याला विहिरीची माती होती, शाई नीट उठेना. दोनदा घ्यावा लागला.

८ जून

सरजाबाई कचेरीसमोर लिंबाखाली बसली आहे. काही मागत नाही.

१९ जून

मिसल, म्हणजे प्रकरणाचे सगळे कागद, आज रवाना झाली. लातूरहून धाराशिव, धाराशिवहून गुलबर्गा, तिथून हैदराबाद. तिथे आपलं सरकार रेसिडेंटसाहेबाला कळवणार, रेसिडेंट मुंबई सरकारला, मुंबई सोलापूरला, सोलापूर बार्शीला. मग त्याच वाटेने उलटा हुकूम. बार्शी इथून बैलगाडीने तीन मुक्कामांवर! तोवर माणूस आमच्या कोठडीत, आमची भाकर खाऊन.

साहेब माझ्या कामावर खूष. धाराशिवला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत सदर, म्हणजे मुख्य, मुतर्जिमाची जागा निघते आहे. "आपका नाम भेज रहा हूँ," म्हणाले.

घरी येऊन बायकोला, कस्तुराबाईला, सांगितलं. तिने पहिलं विचारलं, "तिथं पानी हाय का?" मी म्हटलं, तिथे हौद आहे म्हणतात. तिचा चेहरा असा खुलला की मला वाईट वाटलं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन — चार घागरींसाठी तिचा अर्धा दिवस जातो. खांदा सुजून राहिला आहे तिचा.

५ जुलै

पाऊस नाही. आखाड लागला. बाजारात कडबा दिसत नाही.

नरसिंगला शिपाई रोज कोठडीतून विहिरीवर नेतात! बेडीसकट. मी मुकादम गुरुबसप्पाला विचारलं, हे काय? तर म्हणतो, "अप्पा, त्याच्याबगर कुनाला खालचं कळत न्हाई." खरं आहे. कोणी उतरण्याआधी तो दिवा दोराला बांधून तळापर्यंत नेतो. दिवा मिणमिणला की माणसाला उतरू देत नाही. खाली कोंडलेली हवा असते, ती माणसाला आवाजही करू न देता मारते म्हणे.

सुरुंग लावायचं कामही तोच करतो. ज्या कचेरीने त्याला धरला तिच्यासाठी पाणी शोधून राहिला आहे. मला खिडकी बंद करून बसावंसं वाटतं. उकाडा इतका की तेही जमत नाही.

१२ ऑगस्ट

हुकूम आला. सगळ्या दारांवरून फिरून आला. कागदाच्या पाठीवर शिक्केच शिक्के. 'सदर इसमास हद्दीवर इंग्रजी अंमलदाराच्या हवाली करून पोच घ्यावी.' मला बरोबर जायचं आहे, पोच इंग्रजीत म्हणून.

१६ ऑगस्ट, येडशी

आज दिला.

येडशीच्या पुढे हद्दीचा दगड आहे. अलीकडे आमचे चार शिपाई, पलीकडे बार्शीचा फौजदार आणि त्याचे तिघे. मध्ये दहा-बारा पावलांची मोकळी जागा, नुसती खडकाळ. तिथे एक वाळलेली बोर.

फौजदाराने हुलिया वाचला. करंगळी पाहिली. उंची मोजली — दोरी घेऊन मोजली! नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मग पोच लिहायला बसला. 'एक इसम, जिवंत, धडधाकट, अंगावर एक धोतर, एक घोंगडी.' मी वाचून पाहिली, बरोबर होती.

मग अडचण आली. बेडी आमची. सरकार-ए-आलीचा, म्हणजे निजामाचा, माल. ती परत न्यायची. त्यांच्या हातकड्या घालायच्या तर आधी आमची बेडी काढावी लागणार. लोहार नव्हता, शिपायानेच दगड घेऊन खिळा काढला. बेडी पडली. फौजदार आपल्या पिशवीत हातकड्या शोधत होता, त्या सापडेनात.

तेवढा वेळ नरसिंग मोकळा उभा होता. दोन्ही सरकारांच्या मध्ये. हात मोकळे, पाय मोकळे. मला वाटलं, हा आता पळेल. मनातल्या मनात म्हणालोही — पळ! त्याने दोन्ही हात मागे नेले आणि सावकाश पाठ खाजवली. बस्स. मग हात पुढे धरले.

जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "अप्पा, हिरीचं काम चालू ठिवा. अजून दीड परस खाली गेला की लागंल."

पोच खिशात घालून परत निघालो. सरजाबाई आमच्या गाडीमागून चालत आली होती, सगळे मुक्काम. हद्दीच्या दगडाशी थांबली. मी गाडीवानाला तिला बसवून घ्यायला सांगितलं. 

२३ ऑगस्ट



दुपारी जेवून कचेरीत आलो. विहिरीवर काम चालू होतं. खाली कोणी तरी होता, मातीची पाटी भरून. त्याने खालून हाक दिली — "दोर सोड!" आणि वरच्याने दोर खाली सोडला.

खाली सोडला. हातातून टाकला नाही!

मी जागीच उभा राहिलो. गुरुबसप्पाला विचारलं, विहिरीवर 'दोर सोडला' म्हणजे काय? तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मी शुद्धीवर आहे का. "सोडला म्हंजी खाली दिला की अप्पा. धराया. दुसरं काय आसंल?"

जन्म गेला विहिरीवर ज्याचा, त्याने आपल्या भाषेत सांगितलं — माणूस पेवात होता, मी दोर सोडला, तरी मेला. आणि मी लिहिलं, याने दोर हातातून सोडून दिला म्हणून तो मेला. एका शब्दाने वाचवणाऱ्याचा मारणारा केला! नुसतं धान्य असतं तर साहेब कागद परत करणार होते. तसं सांगितलं होतं त्यांनी मला. आधी सांगितलं होतं.

मी पुन्हा विचारायला हवं होतं. 'म्हणजे' एवढंच विचारून थांबलो. आणखी एकदा विचारलं असतं तर काय बिघडत होतं? धाराशिव तेव्हा डोक्यात नव्हतं, हे मात्र खरं. ते नंतर आलं. पण आलं तेव्हा मी आनंदाने घेतलं.

२४ ऑगस्ट

लिंबाखाली गेलो. सरजाबाईला विचारलं, त्या दिवशी काय झालं, खरं सांग. तिने आधी कचेरीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं नाव तर लिव्हनार न्हाईत?" नाही म्हणालो. मग बोलली. तिचंच बोलणं आठवेल तसं लिहितो.

"पेवात म्याच उतरले व्हते. मी बारीक, म्हनून मला उतरवलं. हे म्हनत व्हते, दम धरा, हवा जाऊ द्या. लोकं ऐकनात, धीर न्हवता कुनाला. खाली गेले अन् डोळ्यापुढं अंधारी. तेवढ्यात व्यंकटी आला बोंबलत, बाकीचे सारे पळाले. व्यंकटीनं वाकून बघितलं, बाईमानूस पडलंय. त्योबी गरिबाचाच. म्हनला, नरसिंग, मला उतरीव, मी काढतो तिला. त्यो उतरला माझ्यापायी. फुडलं मला ठावं न्हाई. जागी झाले तवा वर आभाळ व्हतं, अन् हे पेवाच्या तोंडाशी पालथे पडून रडत व्हते. म्हनले, म्या दोर सोडला, पन त्यो गेला."

मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माझं नाव कळलं तर मलाबी नेतील. म्हनून हे कायबी बोलले न्हाईत, अप्पा. माझ्यापायी गप बसले."

तेच शब्द. 'म्या दोर सोडला.' आता शंका उरली नाही.

२८ ऑगस्ट

साहेबांपुढे सगळं सांगितलं — सरजाबाईचं नाव वगळून. दुरुस्तीचा कागद लिहून नेला होता. साहेबांनी वाचला, घडी घातली, परत माझ्या हातात दिला.

"माणूस गेला. मिसल बंद झाली. अब ये काग़ज़ किस को भेजूँ? त्याच वाटेनं हैदराबादला पाठवू? चार महिन्यांनी रेसिडेंट विचारील, तुमच्या मुतर्जिमाला मराठी येत नाही काय?"

"चूक माझी आहे. मी भोगीन."

"चूक माझ्या सहीखाली आहे," ते म्हणाले. रागावून नाही. थकून म्हणाले.

मग थोड्या वेळाने — "विरूपाक्षप्पा, तुम्ही फार विचार करता. मुतर्जिमानं करू नये."

१० सप्टेंबर

पाऊस नाही. सोलापूरच्या मॅजिस्ट्रेटला माझ्या नावाने पत्र धाडलं. उत्तर नाही.

कचेरीत नवीन कागद आला की हात थांबतो. काल 'माल उचलला' असा शब्द आला. उचलला म्हणजे खांद्यावर घेतला की चोरला? अर्धा तास बसलो. पूर्वी अशा शब्दांवरून माझी लेखणी पाण्यासारखी जायची. किती जणांना त्या पाण्याने वाहून नेलं असेल, कोण मोजणार?

२७ सप्टेंबर

समन्स आलं. सोलापूर सेशन कोर्ट. सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून! आरोपीने दिलेली कबुली आपणच लिहिली आणि भाषांतर केलं, हे शपथेवर सांगायचं. बाकीचे आरोपी म्हणतात, आम्ही पळालो, पुढचं माहीत नाही. म्हणजे खुनाचा सगळा भार माझ्या एका ओळीवर आहे.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. कधी सांगत नाहीत. म्हणाले, "तिथं जाऊन फक्त म्हणा, हो, सही माझी. त्यापुढं एक लफ्जही बोललात तर धाराशिव विसरा. मी अडवणार नाही, पण वाचवूही शकणार नाही. बिलोलीला नकलनवीस म्हणून पाठवतील. नकला करत बसाल, भाषांतर पुन्हा कोणी देणार नाही."

घरी कस्तुराबाईला सांगितलं. ती नुकतीच पाण्याहून आली होती. चुंबळ हातातच होती. भिंतीला टेकून बसली.

"धाराशिवला हौद हाय म्हनला व्हतात."

"हो."

"बिलोलीला?"

"बिलोलीला नदी आहे, पण गावापासून लांब."

चुंबळ उकलून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "त्या बाईला मी रोज बघते. लिंबाखाली. तिच्याकडं बघून घागर उचलाया लाज वाटती." आणि उठून चुलीकडे गेली.  रुसली आहे की हो म्हणाली, मला कळलं नाही. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोचंही भाषांतर मला धड येत नाही.

१२ ऑक्टोबर

उद्या निघायचं. कस्तुराबाईने चार दिवस पुरतील अशा दशम्या बांधल्या. दोन वेगळ्या फडक्यांत. म्हणाली, "एक त्या बाईचं."

१६ ऑक्टोबर, सोलापूर

बार्शीपर्यंत गाडी, पुढे छोटी आगगाडी, मग मोठी. सरजाबाई पहिल्यांदाच आगगाडीत बसली. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून होती. कुर्डुवाडीला उतरल्यावर बोटं सरळ होईनात.

वाटेत इंग्रजी हद्दीतली दुष्काळी कामं दिसली. माणसं खडी फोडत होती, रांगाच्या रांगा. आमच्याकडचीही असतील त्यात. भूक दोन्हीकडे जाऊ-येऊ शकते, तिला हुकूम लागत नाही.

१७ ऑक्टोबर

साक्ष झाली.

जज्जसाहेब गोरा, वयस्क, कानाने थोडा कमी. सरकारी वकिलाने विचारलं, ही सही तुमची? हो. हे भाषांतर तुमचं? हो. तो बसायला लागला. मी म्हणालो, "ते चुकलेलं आहे."

इंग्रजीत म्हणालो, मग मराठीत म्हणालो, म्हणजे पिंजऱ्यातल्या नरसिंगलाही कळावं. विहिरीवर काम करणारे 'दोर सोडला' म्हणतात तेव्हा दोर खाली दिला असा अर्थ होतो. आरोपीने खाली असलेल्या माणसाला धरायला दोर दिला. तो हातातून टाकला, असं मी लिहिलं. ते अज्ञान माझं.

जज्ज म्हणाले, "किती वर्षं हे काम करता?"

"नऊ."

"नऊ वर्षांत विहीर पाहिली नव्हती?"

लोक हसले. कान तापले माझे. पण मी उभा राहिलो.

सरकारी वकील पुन्हा उठला. "दोर धरायला खाली दिला, तर पंचनाम्यात सगळा दोर प्रेताजवळ तळाशी कसा? वरचं टोक वरच राहायला हवं होतं." मी म्हणालो, हा पळाला तेव्हा भीतीने टाकला असेल. वकिलाने खांदे उडवले.

जज्जांनी शिरस्तेदाराकडून नरसिंगला विचारलं, तुझ्या शब्दाचा अर्थ काय? त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. इतका वेळ की शिरस्तेदाराने पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला —

"अप्पा म्हनतात तसं."

१८ ऑक्टोबर, दुपार

सुटला! खुनातून सुटला! पेव फोडल्याबद्दल दोन वर्षं सक्तमजुरी, पण फाशी नाही, काळं पाणी नाही. दोन वर्षं म्हणजे काय, सरतील.

बाहेर येऊन सरजाबाईला सांगितलं. तिला आधी कळेना. मग मटकन खाली बसली आणि हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम. मला म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो." मी नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

जूनपासून छातीवर जे होतं ते आज उतरलं. बिलोली तर बिलोली. नकला करीन. दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं, त्यात काय वाईट? आज भूक लागली आहे, खरी भूक. कस्तुराबाईच्या दशम्या संपल्या, नाही तर उभ्याने खाल्ल्या असत्या.

तुरुंगात नेण्याआधी उद्या सकाळी नरसिंगला भेटायची परवानगी मिळाली आहे. पाच मिनिटं.

१९ ऑक्टोबर

भेटलो. मध्ये गज. शिपाई लांब उभा होता. नरसिंग गजाशी आला आणि हळू म्हणाला, "अप्पा, तुम्ही पयलं लिव्हलं तेच खरं व्हतं."

मला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. "ती खाली पडलेली. व्यंकटीनं तिच्या कमरंला एक दोर बांधला अन् त्योबी गळाला. त्याच्या कमरंचा दोर, तिच्या कमरंचा दोर, दोन्ही माझ्याच हातात. बाकीचे पळालेले. दोघं एकदम वर येईनात. व्यंकटी खालनं म्हनत व्हता, नरसिंग, वढ. मग म्या एक सोडला."

शिपायाने हाक मारली. जाता जाता म्हणाला, "तिला म्हाईत न्हाई. सांगू नका."

बाहेर सरजाबाई उभी होती. काय म्हणाले, विचारलं. बरा आहे म्हणालो. तिने वाकून माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.